बराबर उत्तराची टपली

बाई, परवा धावड्याला गेल्तो, तुमच्या बदलीनंतरच्या शाळेत. "गेल्तो" लिहिलं की तुम्ही खाली लाल रेघ मारून वर "गेलो होतो" असं लिहायच्या, म्हणून आधीच सांगून टाकतो, जमेल तेवढं शुद्ध लिहीन, पण जीभ इथलीच आहे, मध्येच घसरली तर रागावू नका. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही, आणि आज दुकानाचं शटर अर्धं ओढून, शिलाई मशीनवर कागद ठेवून बसलोय. परवा त्या शाळेत एक गोष्ट ऐकली, तेव्हापासून घास गोड लागून नाही राह्यला. ती सांगायची तर मागचं सगळं सांगावं लागेल. त्यातलं निम्मं तुम्हाला माहीत आहे, निम्मं मी तुमच्यापासून लपवलं होतं.

ओळख पटली ना? तिसरीतला, डाव्या गुडघ्यानं लंगडणारा, गवंड्याचा पोरगा. माझं रक्त गोठत नाही हे घरात कळलं ते दुधाचे दात पडायला लागल्यावर. एक दात पडला आणि चार दिवस तोंडातून रक्त येत राहिलं. मायनं हळद दाबली, तुरटी दाबली, शेजारणीनं नजर उतरवली, आणि पाचव्या दिवशी बाबांनी मला खांद्यावर टाकून औरंगाबादच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, हिमोफिलिया. ते नाव बाबांच्या डोक्यात घरी येईपर्यंत टिकलं नाही, एसटीतच कुठंतरी सांडलं. टिकली ती चिठ्ठी. तिच्यावर दोनच ओळी होत्या. या मुलाला दंडात किंवा कमरेत सुई देऊ नये. डोक्याला मार लागल्यास, रक्त दिसो वा न दिसो, ताबडतोब आणावे.

ती चिठ्ठी घेऊन बाबा मला शाळेत घेऊन आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल. हेडमास्तरांनी चिठ्ठी वाचली आणि टेबलावर अशी सारली, जशी काही तिच्यापासूनच लागण होणार होती. "उद्या काही कमी-जास्त झालं तर निस्तरायचं कुणी? घरीच बसवा त्याला." बाबा चुना-सिमेंटानं फुटलेल्या हाताची बोटं मोडत उभे. तेवढ्यात तुम्ही हजेरीपट ठेवायला आत आलात. चिठ्ठी उचलली, वाचली, आणि म्हणालात, "सर, माझ्या वर्गात बसू द्या त्याला. मी बघते." एवढंच. बाबा घरी येऊन मायला म्हणाले, "बाई हाय का वाघीण हाय ती!" तुम्ही त्या चिठ्ठीची नक्कल करून हजेरीपटाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली होती. रोज सकाळी आमची नावं वाचायच्या आधी तुमच्या डोळ्यांपुढं ती यायची.

मग तुमचे नियम सुरू झाले. घंटेच्या पाच मिनिटं आधी मला सोडायचं, म्हणजे दारातल्या चेंगराचेंगरीत मी सापडू नये. मधल्या सुट्टीत मी पायरीवर बसायचं. आणि माझ्या डोक्याला कुणीही हात लावायचा नाही. पोरं म्हणायची, ह्याचं डोकं काचेचं हाय. तळहातावरच्या फोडासारखं जपणं म्हणतात ना, तसं मला जपलं तुम्ही. पण बाई, आज खरं सांगतो, फोडाला विचारावं एकदा, त्याला कसं वाटतं म्हणून.

कारण तुमची टपली. सगळ्या शाळेत मार मिळायचा तो चुकलं म्हणून, आणि तुमच्या वर्गात टपली मिळायची ती बरोबर आलं म्हणून. गणित सुटलं की पाटी घेऊन तुमच्या टेबलापाशी जायचं, तुम्ही पाटीवर नजर टाकायच्या, पोरगं आपोआप डोकं पुढं करायचं, आधी हिरव्या काचेच्या बांगड्या किणकिणायच्या आणि मग डोक्यावर टपली, "बराबर!" तो "बराबर" तुमच्या तोंडून असा यायचा की टपली खाल्लेलं पोरगं जागेवर परत येताना दोन बोटं उंच झालेलं असायचं. मला पाढे तिसापर्यंत पाठ. वर्गात माझ्याइतकी गणितं कुणाची बरोबर येत नसत. आणि टपली एकही नाही. मी पाटी घेऊन यायचो, तुम्ही तोंडानं "बराबर, शाब्बास" म्हणायच्या, हात टेबलावरच. एकदा मी मुद्दाम डोकं पुढं केलं. तुमचा हात वर आला, बांगड्या वाजल्या, आणि हात तिथंच थांबला. मग तुम्ही माझ्या गालाला बोट लावलंत. मागून कुणीतरी खिदळलं. त्या दिवशी मी भाकर खाल्ली नाही. माय म्हणाली, "काहून रे, दात दुखून राह्यला का?" तिला काय सांगणार, की मला मार पाहिजे म्हणून!

आता लपवलेलं निम्मं. पोरींचा मधल्या सुट्टीत एक खेळ असायचा, बाई-बाई. एका पोरीनं टॉवेलाचा पदर घ्यायचा, शाळेच्या दगडी उंबऱ्यापाशी उभं राहायचं, बाकीच्यांनी रांगेनं यायचं, ती पाढा विचारणार, बरोबर आला की टपली. तुम्ही तेव्हा ऑफिसात डबा खायच्या, तुम्हाला काय माहीत! त्या दिवशी मी पायरीवरून उठलो आणि रांगेत शिरलो. माझी पाळी आली तसं ती पोरगी मागं सरकली. "तुला न्हाई. बाईनं सांगितलंय." मी म्हणालो, "हळू मार की. बोटानं मार." ती म्हणाली, "बारा साते?" मी म्हणालो, "चौऱ्याऐंशी." तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्या डोक्यावर दोन बोटं टेकवली. टेकवली म्हणतोय मी, मारली नाही. आणि तुमच्यासारखंच मान वाकडी करून म्हणाली, "बराबर!"

बाई, मला एवढा आनंद झाला की काय सांगू. मी तसाच हसत मागं वळलो, आणि त्याच वेळी मागच्या पोरांनी "सरक की पुढं" म्हणून रेटा दिला. माझ्या गुडघ्यानं दगा दिला. मी पाठीवर पडलो आणि डोकं उंबऱ्याच्या कडेवर आपटलं. नारळ आपटल्यासारखा आवाज मला आतून ऐकू आला. मग पोरांनी मला बसवलं, चार जणांनी मिळून माझे केस फाकवून पाहिले, जशा बाया उवा पाहतात, आणि एकानं ओरडून सांगितलं, "रगत न्हाई! टेंगूळ बी न्हाई! वाचला!" सगळ्यांच्या जिवात जीव आला, माझ्यासुद्धा. रक्ताचा आजार म्हणजे रक्त बाहेर यायचा आजार, एवढंच आम्हाला समजत होतं. ते आतल्या आत बसून राहतं, हे कुणाच्या डोक्यात येणार? चिठ्ठीतली ती ओळ तुम्ही वाचायच्या, गावातल्या मोठ्यांना तरी कुठं माहीत होतं! टेंगूळ बाहेर आलं की धोका टळला म्हणायचे, आणि काहीच आलं नाही तर लागलंच नाही म्हणायचे. आम्ही हापशावर पाणी प्यालो, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की बाईंना सांगायचं नाही.

वर्ग भरला. अर्ध्या तासानं तुम्ही मला विचारलंत, "नऊ सत्ते?" मी म्हणालो, "एकोणसत्तर." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. खडू ठेवून माझ्यापाशी आलात, खाली बसलात. "पडलास का रे कुठं?" तुमचे डोळे एवढे मोठे झाले होते. तुम्हाला भ्यालेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं, आणि तुम्ही भ्यालात म्हणून मीही भ्यालो. माझ्या मनात काय आलं ते सांगू का? त्या पोरीला मार बसेल, हे आलं. माझी पायरीसुद्धा बंद होईल, हेही आलं. पण सगळ्यात मोठं भेव हे की तुम्हाला टपलीचं कळलं तर तुम्ही टपलीच बंद कराल, सगळ्या वर्गाची, आणि ती माझ्यामुळं बंद झाली म्हणून पोरं मला जन्मभर बोल लावतील. मी म्हणालो, "न्हाई बाई. ऊन लागलं." तुम्ही विचारलंत, "खरं?" आणि मी म्हणालो, "मायची आन, बाई."

आपल्याकडं मायची आन म्हणजे संपलं. लेकरू मायची आन घेऊन खोटं बोलत नाही, असं सगळं गाव मानायचं, तुम्हीही मानायच्या. तुम्ही मला पाणी पाजलंत, भिंतीशी सतरंजीवर निजवलंत आणि बाकीच्यांना शुद्धलेखन घातलंत. मी दोन तास निजलो. त्यानंतर कितीतरी दिवस सकाळी उठलो की मी आधी मायकडं बघायचो, ती श्वास घेते का म्हणून. खोट्या आनेनं ती मरेल असं वाटायचं. ती आजही ठणठणीत आहे, ऐंशी वर्षांची, दिवसातून दोनदा माझ्यावर ओरडते.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. मी उठलो आणि सतरंजीवरच ओकलो. कुणीतरी माझं नाव विचारून राह्यलं होतं आणि मला ते येत नव्हतं. मग तुमचा खांदा, तुमच्या पदराला येणारा खडूचा वास, आणि तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून जालन्याच्या धान्य मोंढ्याला निघालेला मेटॅडोर अडवताय. मागं ज्वारीची पोती, पुढं ड्रायव्हरच्या बाजूला तुम्ही आणि तुमच्या मांडीवर मी. "जल्दी चला भाऊ, पण हळू चला," तुम्ही म्हणत होता, आणि ड्रायव्हर म्हणत होता, "बाई, काय तरी एक सांगा." मी त्या गुंगीतसुद्धा हसलो असेन. तुम्ही दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं होतं. खड्ड्यात गाडी आदळली की तुमच्या बांगड्या माझ्या कानाला लागायच्या. तुम्ही एक-एक करून सगळ्या बांगड्या काढल्यात, दोन्ही हातांच्या, आणि पिशवीत टाकल्यात. जालना, तिथून अॅम्ब्युलन्सनं औरंगाबाद. रक्तातलं पिवळं पाणी पिशव्यांनी चढवलं. दुसऱ्या दिवशी माय-बाबा पोचले तेव्हा मायनं आधी तुमचे हात पाहिले, भुंडे. सवाशीण बाई अशी बसलेली पाहून तिला वाटलं, काय अभद्र झालं. तुम्ही म्हणालात, "तसं काही न्हाई हो. लेकराच्या डोक्याला लागून राह्यल्या होत्या." माय ही गोष्ट अजून सांगते, आणि सांगताना दर वेळी रडते.

मी वाचलो. डावा पाय आधीपेक्षा जास्त ओढत चालायला लागलो, पण वाचलो. महिन्याभरानं बाबा मला शाळेत घेऊन आले. हेडमास्तरांच्या ऑफिसात तालुक्याचे साहेब बसलेले. हेडमास्तर तुम्हाला म्हणाले, "पोरगं दोन तास वर्गात पडून होतं. बाई, तुम्ही त्याला एका शब्दानं विचारलं न्हाई?" मी बाबांचं बोट धरून उभा होतो. माझ्या तोंडाशी आलं होतं, विचारलं की, बाईंनी विचारलं होतं! आणि तुम्ही म्हणालात, "न्हाई विचारलं, सर. माझं चुकलं." माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, तुम्ही विसरलात. लेकराचं डोकं तेवढंच. तुम्ही खरं सांगितलं असतं तर हेडमास्तर म्हणाले असते की खोट्या आना घेणारं पोरगं शाळेत नको, आणि मी घरी बसलो असतो, हे मला समजायला मिशा फुटाव्या लागल्या. तुमची बदली झाली, धावड्याला. माझ्या तोंडाला कुलूप ते कुलूपच.

निरोपाच्या दिवशी सगळ्या वर्गानं रांग लावली. एकेक पोरगं जाऊन तुमच्यापुढं डोकं वाकवत होतं, आणि तुम्ही टपली न मारता प्रत्येकाच्या हातात एक-एक पेन्सिल देत होतात. मला वाटलं, माझा जीव खट्टू होऊ नये म्हणून. केवढा मोठेपणा, असं वाटलं. हातात बांगड्याही नव्हत्या, म्हणजे एक-एक सोन्याची पातळ होती, ती वाजत नव्हती.

मी शिंपी झालो हे तुम्हाला माहीतच आहे. बाबांचे मित्र हसले होते, "रगत थांबत न्हाई त्या पोराला सुईच्या धंद्यात घालून राह्यला?" त्यांना काय सांगावं, सुई टोचली तर दाबून धरलं की थांबतं, वैरी असतो तो आतला मार. टेंभुर्णीला दुकान टाकलं, लग्न ठरलं, तुम्हाला पत्रिका धाडली. तुम्ही दोन एसट्या बदलून आलात आणि आहेर म्हणून मोठी कात्री दिलीत. लोक बघत राहिले. नवरदेवाला कात्री, तीही असल्या नवरदेवाला! तुम्ही हसून म्हणालात, "काम करणाऱ्याला हत्यार द्यावं." मी पाया पडायला वाकलो तर तुम्ही मला मध्येच धरून उभं केलंत आणि हात हातात घेऊन हलवलात. मग माझ्या बायकोला बाजूला घेतलंत. तिनं मला मागाहून सांगितलं, तुम्ही म्हणाला होतात, "रोज संध्याकाळी इचारत जा त्याला, आज कुठं लागलं? लागलं का, असं इचारू नको. तो न्हाईच म्हणंल." आम्ही दोघं त्यावर पोट धरून हसलो होतो. तुम्ही माझ्यावर काय नेम धरला होता ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही. बायको मात्र रोज विचारते, चोवीस वर्षं झाली, आणि मी रोज सांगतो, कोपर, घोटा, कधी अंगठा. तुमच्या त्या एका वाक्यानं, आत रक्त साचून बिघडण्यापासून, माझे किती सांधे वाचले, त्याचा हिशेब नाही. कात्री अजून तीच आहे. ह्या कागदाशेजारी पडली आहे.

आता परवाचं. ह्या आजाराची लेकरं आपल्या जिल्ह्यात आहेत, आम्ही पेशंट मंडळी एकमेकांना धरून असतो, आणि रांगत्या-चालत्या लेकरांसाठी मी स्पंज भरलेल्या टोप्या शिवतो. धावड्याच्या एका पहिलीतल्या पोरालाही शिवून दिली होती. ते शाळेत घालत नाही, पोरं हसतात म्हणून. त्याच्या मॅडमचा नंबर माझ्याकडं आणि माझा तिच्याकडं. गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीनंतर तिचा फोन आला. "भाऊ, ह्याचं डोकं खिडकीच्या गजाला लागलंय. टेंगूळ न्हाई, रगत न्हाई, हसून-खेळून हाय. सगळे म्हणत्यात काही न्हाई. काय करू?" बाई, माझ्या हातातलं कापड गळालं. मी म्हणालो, "गाडी काढा आन् जालन्याला निघा. चौकशी मागून. आधी रक्त गोठायचं इंजेक्शन, शिरेतून, मंग फोटो. दवाखान्यात मी फोन करतो." ती निघालीसुद्धा. इंजेक्शन दिलं, मग डोक्याचा फोटो काढला. आत रक्त साकळायला लागलं होतं, थोडंसं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं, उद्यावर टाकलं असतं तर अवघड होतं.

मी त्या मॅडमचे आभार मानायला परवा शाळेत गेलो. विचारलं, "पोरानं सांगितलं कसं हो? असली पोरं तर लपवतात. मला कुणी विचारावं!" ती म्हणाली, "आमच्याकडं रोजचंच हाय ते." आणि मला दारात उभं करून दाखवलं. मधली सुट्टी संपली, पोरं आत येऊन बसली, आणि ती हसत म्हणाली, "हं, आज कुणाला कुठं-कुठं लागलं?" झालं! सगळ्या वर्गाचे हात वर. बाई, माझं ढोपर. बाई, माझं बोट. एकजण तर नुसताच "बाई, माझं काल लागल्तं" म्हणून शर्ट वर करून उभा. रागावणं नाही, डोळे वटारणं नाही, जसा काही सणच. आणि मग पाढे सुरू झाले, ज्याचं बरोबर आलं त्याच्याशी तिनं हात मिळवला, "बराबर!" म्हणाली. त्या शब्दाला माझ्या अंगावर काटा आला. मी विचारलं, हे कुणाकडून शिकलात? ती म्हणाली, "ह्याच शाळेत, ह्याच वर्गात आमच्या एक बाई होत्या. त्यांनीच चालू केलं हे." आणि मग म्हणाली, "त्या कुणाच्या डोक्याला हात लावायच्या न्हाईत बघा. मायेनंसुद्धा न्हाई. आम्ही एकदा विचारलं तर म्हणाल्या, माझ्या मागच्या शाळेत एक लेकरू माझ्या टपलीच्या हौसेपायी जाता-जाता राह्यलं. तेव्हापासून हात उचलला न्हाई."

मी खुर्चीवर बसून राहिलो. ते लेकरू मीच, हे सांगायला तोंड उघडलं नाही. म्हणजे तुम्हाला टपलीचं माहीत होतं. बहुतेक तुम्ही दवाखान्यातून परतल्याबरोबर त्या पोरीनं रडत सांगितलं असेल, "म्या टपली मारली आन् तो पडला." तिलाही तसंच वाटत असणार. ऑफिसात उभ्या राहून "नाही विचारलं" म्हणालात तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं, पेन्सिली वाटल्यात तेव्हा माहीत होतं, माझ्या लग्नात हात हलवलात तेव्हाही. आणि मी टपली वाचवायला मायची आन घेऊन बसलो होतो!

म्हणून हे लिहितोय, बाई. नीट ऐका. टपलीनं मी पडलो नाही. टपली केव्हाच झाली होती, दोन बोटांची, पिसासारखी. मागून रेटा आला, गुडघा लचकला, उंबरा दगडाचा होता. तुमच्या हाताचा त्यात काही म्हणता काही दोष नव्हता. हे सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. माझ्या लग्नात सांगितलं असतं तरी तुमचा हात मोकळा झाला असता, नातवंडांच्या डोक्यावर तरी पडला असता. नाही सांगितलं. मला फार वाईट वाटतं, बाई. कितीतरी पोरं तुमच्या टपलीवाचून मोठी झाली, ती माझ्यामुळं. आणि तुमच्या त्या रोजच्या प्रश्नानं एक पोरगं वाचलं, तेही त्याच दिवसामुळं म्हणावं का? मला नाही समजत. तुम्ही असता तर म्हणाला असतात, गणित सोड, पाणी पी.

आज सकाळी दवाखान्यात जाऊन आलो. पोरगं खाटेवर बसून बिस्किट खात होतं, आजच घरी सोडणार आहेत. नव्या टोपीसाठी डोक्याचं माप घेतलं, ह्याच कागदाच्या पाठीमागं लिहिलंय ते, म्हणून हे पत्र कुठं जायचं नाही, दुकानातच राहील. माप घेऊन झालं तर तो मला म्हणतो, "आता मी मास्तर. सांगा, नऊ सत्ते?" मी म्हणालो, "त्रेसष्ट." त्यानं सुई नसलेला हात मिळवायला पुढं केला, "बराबर!" मी हात दिला नाही. डोकं पुढं केलं. त्याला काही उमजेना. म्हणाला, "डोक्याला हात लावायचा न्हाई." मी म्हणालो, "लाव रे. हळू लाव. टपलीनं काही होत न्हाई." त्यानं आईकडं पाहिलं, मग माझ्या टकलावर बिस्किटाच्या चिकट हातानं एक टपली दिली. एवढीशी. मी तसाच वाकून राहिलो थोडा वेळ, डोळे पुसायला.

आत्ता बायको चहा घेऊन शटरखालून आली, आणि नेहमीसारखं विचारलं, "आज कुठं लागलं?" मी म्हणालो, "कुठंच न्हाई." तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं, म्हणाली, "खरं?" मी मान हलवली. पुन्हा खोटं बोललो, बाई. पण ह्या वेळी मायची आन नाही घेतली.